आवाज कशासोबत बदलतो? जुन्या, महागड्या, दमदार गाडीच्या इंजिनाचं दुखणं ओळखताना

मागच्या पोळ्याच्या आठवड्यात हिंगणघाटच्या अलीकडच्या एका गावचे जिनिंगवाले सेठ त्यांची गाडी घेऊन माझ्या गॅरेजवर आले. जर्मन गाडी, दोन दारांची, आठ सिलिंडरची, ऑटोमॅटिक, 2008 सालची, मुंबईहून सेकंडहँड घेतलेली. माझ्याकडे रोज येतात ते ट्रॅक्टर, बोलेरो, मालाचे पिकअप, फार तर एखादी जुनी ऑक्टाव्हिया. पण सेठ घाबरलेले होते, आणि ते मला लहानपणापासून ओळखतात.

“इंजिनातून टिकटिक येऊन राह्यली, अन् उभी असली की सारी गाडी थरथर करते,” ते म्हणाले. “शहरातल्या वर्कशॉपवाल्यानं पाच मिनिटं ऐकलं अन् सांगितलं, खालचं बेअरिंग गेलं, इंजिन खोलावं लागते. सहा लाख सांगितले.”

मी म्हटलं, “सेठ, आज पाना लावतच नाही. आज नुसतं पाहू, आवाज कशासंगं वाढते अन् कशासंगं कमी होते.”

अशा गाड्यांत सगळ्यात जास्त पैसा अंदाजावर जातो. पार्ट महाग असतात, इंजिन उतरवून खोलायची मजुरी त्याहून महाग असते, आणि एकदा खोललेलं इंजिन पुन्हा कारखान्यासारखं बसवणं सोपं नसतं. म्हणून आवाज कसा आहे याच्यावर अडून बसू नये. टिकटिक, खडखड, ठकठक हे शब्द प्रत्येकाचे वेगळे असतात. धातू आवाज लांबवर वाहून नेतो, त्यामुळे पुढे वाजणारी वस्तू मागे वाजल्यासारखी वाटते. विचारायचं ते हे की आवाज चार गोष्टींपैकी कशासोबत बदलतो: इंजिनाचे फेरे, चाकांचा वेग, इंजिनावरचा भार की तापमान.

विहिरीवरचं जुनं ऑइल इंजिन ज्यांनी ऐकलंय, त्यांना फेऱ्यांचा हिशोब लगेच समजेल. ती जुनी संथ इंजिनं मिनिटाला 650 फेरे घ्यायची. सिलिंडर एकच, आणि चार स्ट्रोकच्या इंजिनात तो दोन फेऱ्यांतून एकदा पेटतो. म्हणजे मिनिटाला 325 वेळा, सेकंदाला पाच-साडेपाच ठोके. धक्, धक्, धक्. हा ताल आपल्या कानात पक्का बसलेला आहे. त्या इंजिनाची जड चक्री दोन ठोक्यांच्या मधला काळ रेटून नेते, तरी पाया हादरतोच.

आता आठ सिलिंडरची गाडी 600 आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला 600 फेऱ्यांवर, उभी आहे असं धरा. सेकंदाला 10 फेरे. आठही सिलिंडर दोन फेऱ्यांत मिळून आठदा पेटतात, म्हणजे एका फेऱ्यात चारदा, सेकंदाला 40 ठोके. एवढे ठोके हाताला वेगळे जाणवत नाहीत, एकसंध गुणगुण जाणवते. त्यातला एक सिलिंडर पेटायचा थांबला, तर त्याची जागा रिकामी राहते आणि ती रिकामी जागा सेकंदाला पाचदा येते. म्हणजे विहिरीवरच्या ऑइल इंजिनाचाच ताल. महागड्या गाडीची बैठक त्या तालात हलत असेल तर ती मिसिंग करते आहे. प्लग, कॉईल, इंजेक्टर, कुठून तरी शिरणारी जास्तीची हवा किंवा कमी झालेलं कॉम्प्रेशन, यांत कारण शोधायचं. गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला तर कोणता सिलिंडर चुकतो आहे ते तो बहुतेक वेळा दाखवतोच. त्या सिलिंडरची कॉईल शेजारच्यावर बदलून बघा. चूक कॉईलसोबत सरकली तर कॉईल खराब, नाही सरकली तर पुढचं शोधा. फुकटची तपासणी आहे.

सिलिंडर कमी-जास्त असले की हिशोब बदलतो, पद्धत बदलत नाही. चार सिलिंडर एका रांगेत असतील तर पिस्टन वर जाताना आणि खाली येताना सारख्या चालीने जात नाहीत, आणि त्या फरकातून फेऱ्यांच्या दुप्पट वेगाचं कंपन उरतं. काही इंजिनांत ते मारायला बॅलन्स शाफ्ट बसवलेले असतात. सहा सिलिंडर एका रांगेत असतील तर ही कंपनं आपसात कटतात, म्हणून त्या इंजिनावर उभं केलेलं नाणं पडत नाही असं लोक सांगतात. अशी गाडी थरथरायला लागली तर ‘जुनी झाली, चालायचंच’ असं म्हणून सोडू नये.

सेठची गाडी सकाळी थंड असतानाच सुरू केली. मुद्दाम रात्रभर माझ्याकडे ठेवून घेतली होती. आरपीएम काटा स्थिर झाल्यावर स्कॅनर 660 दाखवत होता. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड केला, निम्म्या वेगाने वाजवला आणि पेन घेऊन कागदावर टिंबं मारली. दहा सेकंदांच्या आवाजात 55 टिका. 660 म्हणजे सेकंदाला 11 फेरे आणि टिका साडेपाच, म्हणजे दोन फेऱ्यांत एक.

व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट हा क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून व्हॉल्व्ह, त्यांना दाबणारे टॅपेट, कॅम यांचा आवाज निम्म्या तालात येतो. खालच्या बाजूचा, क्रँक आणि पिस्टनला त्याच्याशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडकडचा ठोका साधारण प्रत्येक फेऱ्याला येतो. पण एवढ्यावर निकाल देऊ नका. रॉडचं बेअरिंग पेटण्याच्या स्ट्रोकला जास्त जोरात वाजतं, त्यामुळे तेही कधी निम्म्या तालात ऐकू येतं. आणि एकाच सिलिंडरचा एक्झॉस्ट कुठून तरी फुटत असेल तर तोसुद्धा दोन फेऱ्यांतून एकदाच फुटतो. मोजणीने यादी लहान होते, इतकंच.

पुढचा प्रश्न तापमानाचा होता, आणि खरं उत्तर तिथेच मिळालं. सेठची टिकटिक सकाळी खणखणीत होती. सात-आठ मिनिटांत इंजिन गरम झालं तशी ती विरत गेली आणि शेवटी थांबली. आता बेअरिंगचा विचार करा. रॉड आणि क्रँकच्या मध्ये तेलाचा पातळ थर असतो, धातू धातूला लागू देत नाही तो थर. इंजिन थंड असतं तेव्हा तेल घट्ट असतं, थर जाड असतो. गरम झालं की तेल पातळ होतं आणि झिजलेलं बेअरिंग तेव्हा जास्त वाजतं. म्हणजे बेअरिंगचा आवाज गरम झाल्यावर वाढायला हवा. सेठच्या गाडीत नेमकं उलटं घडत होतं.

गरम झाल्यावर मिटणारे आवाज वेगळे असतात. सिलिंडरमध्ये सैल झालेला पिस्टन थंड असताना भिंतीवर आपटतो, फुगला की बसतो. त्याचा आवाज बोदा, मातीच्या मडक्यावर बोटाने मारल्यासारखा. हायड्रॉलिक टॅपेट रात्रभर रिकामे झालेले असतील तर तेल भरेपर्यंत टिकटिकतात. सुरू करताच एक-दोन सेकंद खडखड होऊन थांबली तर टायमिंग चेनच्या टेन्शनरकडे बघा, त्यातलं तेल उतरून गेलेलं असतं. दोन सेकंदांची ती खडखड पाच-सहा सेकंदांवर गेली की दुर्लक्ष करायचं नाही, कारण चेन घसरली तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात. आणि चौथा, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करणारा पाइप. त्याच्या जोडात बारीक फट असेल तर थंडीत तिथून गॅस ‘चिक् चिक्’ करत फुटतो आणि लोखंड तापून फुगलं की फट बंद होते.

माझ्या उस्तादांनी मला लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानामागच्या हाडाला टेकवून ऐकायला शिकवलं होतं. आता माझ्याकडे मेकॅनिकचा स्टेथोस्कोप आहे, पण गॅसच्या गळतीला दोन्ही कामाचे नाहीत, कारण तो आवाज हवेतून येतो. तिथे हातभर रबरी नळी घ्यायची, एक टोक कानाशी धरायचं आणि दुसरं जोडाजोडावरून फिरवायचं. डाव्या बाजूच्या तिसऱ्या सिलिंडरपाशी नळी गेली आणि माझी मान आपोआप मागे झाली, इतकं जोरात फुटत होतं. टॉर्च मारला तर जोडाच्या कडेला चुलीमागच्या भिंतीसारखा काळा पट्टा. जोड आवळून धरणारा मागचा स्टड तुटलेला होता. तो तुटका तुकडा काढायला पूर्ण दिवस गेला. स्टडवर तेल सोडायचं, तापवायचं, थांबायचं, पुन्हा. त्या कामात घाई केली तर हेड खराब होतं.

तरी बेअरिंगची शंका मनात ठेवायची नव्हती. ऑइल बदललं आणि जुना फिल्टर कापला. आतला कागद पांढऱ्या धोतराच्या तुकड्यावर पसरला आणि उन्हात धरला. अशा वेळी लोहचुंबक फिरवायचा. त्याला चिकटलं तर चेन, कॅम, गिअर अशा पोलादी भागांचा चुरा. बेअरिंगचा वरचा थर शिसं, कथील, तांबं, अॅल्युमिनियम अशा धातूंचा असतो, तो चुंबकाला चिकटत नाही. नुसता चुंबक फिरवून ‘काही नाही’ म्हणणारे इथेच फसतात. सेठच्या फिल्टरात चमकणारं काही नव्हतं. तरी ऑइलचा नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठवला, तिथे कोणता धातू किती आहे ते आकड्यात कळतं. एका चाचणीपेक्षा दोन-तीन वेळच्या आकड्यांची तुलना जास्त सांगते, म्हणून पुढच्या ऑइललाही पाठवणार आहोत.

टिकटिकीचं झालं, थरथरीचं राहिलं. तिचा ताल ऑइल इंजिनाचा नव्हता, बारीक आणि सलग होती. डॅशबोर्डवर पाण्याने अर्धी भरलेली बाटली ठेवली. न्यूट्रलला पाण्यावर हलक्या रेषा. ब्रेक दाबून ‘डी’मध्ये टाकली की रेषा दाट व्हायच्या, आणि हजार आरपीएमवर पाणी जवळजवळ शांत. इंजिनाच्या दोषातही कधी असं होतं, पण मिसिंगचा ताल इथे नव्हता. ही लक्षणं फाउंडेशनची, म्हणजे इंजिन ज्या रबरांवर बसतं त्यांची. या गाड्यांत नुसतं रबर नसतं, त्यात द्रव भरलेला असतो आणि तो संथ फेऱ्यांचं कंपन गिळतो. बॉनेट उघडं ठेवून मी बाजूला उभा राहिलो, समोर कधी उभं राहायचं नाही, आणि सेठच्या मुलाला ब्रेक दाबून डी-आर, डी-आर करायला लावलं. इंजिन उजव्या बाजूने चांगलं उचललं जात होतं. खालून पाहिलं तर फाउंडेशनमधला द्रव गळून काळा ओघळ वाळलेला.

रबराचं आयुष्य आपल्याकडे कमी भरतं हे मी अनुभवाने सांगतो. मे महिन्यात बाहेर 45-46 अंश, बॉनेटखाली त्याच्या कितीतरी वर, आणि गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी. किलोमीटर कमी झाले म्हणून रबर नवं राहत नाही. पंधरा वर्षांच्या गाडीत फाउंडेशन, होस, गिअरबॉक्सचं रबर, मागच्या चाकांना जोर नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचं रबरी कपलिंग, हे सगळं वयाने गेलेलं असू शकतं. क्रँकच्या पुढच्या पुलीतही दोन लोखंडी कड्यांच्या मध्ये रबर असतं, क्रँकचं पिळवटणं शोषायला. ते सुटलं की पुली डुगडुगते आणि आवाज थेट इंजिनाच्या पोटातून आल्यासारखा वाटतो. इंजिन खोलण्याआधी ती पुली बघितलीच पाहिजे.

फाउंडेशन बदलून गाडी जांबच्या रस्त्यावर काढली. उभी असताना आता शांत, पण 90-95 ला स्टीअरिंग हातात थरथरलं. सेठचा चेहरा उतरला. “गेली नाही ना जी अजून?”

ही वेगळी थरथर होती. ताशी 90 म्हणजे सेकंदाला 25 मीटर. टायरचा घेर साधारण दोन मीटर, म्हणजे चाक सेकंदाला साडेबारा फेरे घेतं. त्याच वेळी प्रॉपेलर शाफ्ट मागच्या डिफरेन्शियलच्या हिशोबाने तीन-चार पट, म्हणजे सेकंदाला 40-50 फेरे. चाकाची थरथर जाड, हाताला वेगळी जाणवेल अशी. शाफ्टची बारीक, बुडाखाली झिणझिणल्यासारखी. खात्री करायला तोच वेग ठेवून एक गिअर खाली घ्यायचा. इंजिनाचे फेरे वाढले तरी थरथर तशीच राहिली तर ती इंजिनाची नाही. ही चाचणी गिअर बदलूनच करावी, कारण थेट गिअरमध्ये इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगाने फिरतात आणि दोघांतला चोर ओळखता येत नाही. रिकाम्या रस्त्यावर न्यूट्रल करूनही पाहतात, पण चावी कधी बंद करायची नाही, ब्रेक-स्टीअरिंगचा जोर जातो.

गिअर खाली घेतला, थरथर जशीच्या तशी. चाकं काढली. पावसात सेठ शेताच्या धुऱ्यापर्यंत गाडी नेत होते. उजव्या पुढच्या रिमच्या आतल्या बाजूला मूठभर काळी माती वाळून सिमेंटसारखी चिकटलेली होती. बाहेरून धुतलेली गाडी आरशासारखी चमकत होती, पण आतून कोणी हात घातला नव्हता. माती खरवडली, बॅलन्सिंग केलं, थरथर संपली. आपल्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात वावराकडे जाणाऱ्या प्रत्येक गाडीने हे आधी बघावं.

समृद्धी महामार्गावर गेलात तर एक ध्यानात ठेवा. सिमेंटच्या रस्त्यावर टायर वेगळा बोलतो, सलग भुणभुण येते आणि सांध्यांवर ठराविक अंतराने ठक् वाजतं. तिथे पहिल्यांदा गाडी पळवणारे बरेच जण बेअरिंग गेलं म्हणून येतात. तोच वेग डांबरी रस्त्यावर ठेवून बघा, आवाज गेला तर तो रस्त्याचा होता.

क्लचच्या गाड्यांत पेडलच अर्धं निदान करतं. न्यूट्रलमध्ये पेडल दाबल्यावर खडखड थांबली तर ड्युअल-मास फ्लायव्हील किंवा गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग, पेडल दाबल्यावरच किरकिर सुरू झाली तर रिलीज बेअरिंग. आणि पुढच्या बेल्टवर लागलेल्या पुल्या, अल्टरनेटर, वॉटर पंप यांची घरघर असेल तर बेल्ट काढून अर्धा मिनिट इंजिन चालवायचं. घरघर गेली तर ती इंजिनाच्या आतली नाही.

चढावर किंवा जोरात पिकअप घेताना डब्यात हरभरे हलवल्यासारखा आवाज आला तर तो पेट्रोलचा प्रश्न असू शकतो. या इंजिनांत कॉम्प्रेशन जास्त असतं आणि टाकीच्या झाकणावर बहुधा 98 किंवा 95 ऑक्टेन लिहिलेलं असतं. कमी ऑक्टेनचं पेट्रोल उन्हाळ्यात ठिणगीची ज्वाळा पोचायच्या आधीच कोपऱ्यात आपोआप पेटतं. हा आवाज ओळखणारा गाडीचा नॉक सेन्सर ठिणगी उशिरा देऊन सांभाळतो, पण त्याचीही हद्द असते.

आपली गाडी कोणती आहे, तिच्या इंजिनाचं कोणतं दुखणं जगाला माहीत आहे, हे आधी वाचून ठेवा. पोर्शच्या 1997 ते 2008 दरम्यानच्या बऱ्याच बॉक्सस्टर आणि 911 मध्ये कॅम फिरवायला मधे असलेल्या इंटरमीडिएट शाफ्टच्या बेअरिंगचा प्रश्न सगळ्या जगाने पाहिला. बीएमडब्ल्यूच्या 2000 नंतरच्या दशकातल्या काही एम इंजिनांत रॉडची बेअरिंगं झिजतात, आणि त्या इंजिनांना कंपनीने 10डब्ल्यू-60 इतकं घट्ट ऑइल सांगितलेलं होतं. असं इंजिन असेल तर गावातल्या दुकानात मिळेल ते ऑइल टाकणं म्हणजे त्या बेअरिंगांशी खेळ आहे. सेठसारखा जिनिंगचा हंगाम आला की गाडी चार महिने उभी करणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी बघायच्या. एका जागी उभ्या टायरला सपाट डाग पडतो, पहिले काही किलोमीटर धडधड होते आणि टायर तापले की बहुतेक वेळा जाते. आणि सरकीच्या गोदामाजवळ उंदीर असतातच. कॉईलची वायर कुरतडली की मिसिंग.

एक आवाज मात्र असा आहे की त्याच्यासाठी कसलीच चाचणी करत बसायचं नाही. इंजिन गरम आहे, आणि पोटातून खोल, जड, हातोडीने लाकडावर मारल्यासारखा ठोका येतो, रेस सोडताना दोन-अडीच हजारावर तो स्पष्ट होतो, किंवा सोबत ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो. तिथेच बंद करा. ‘नागपूरपर्यंत पोचवतो हळूहळू’ असं म्हणू नका. बंद केलेल्या इंजिनाचं कधीकधी नुसत्या बेअरिंगांवर भागतं. चालवत नेलेल्या इंजिनाचा रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. मी तसा ब्लॉक पाहिला आहे, मूठ जाईल एवढं भोक होतं. ट्रकवर चढवून न्या, भाडं जाऊ द्या.

सेठच्या गाडीचं थंड आणि गरम, दोन्ही वेळचं रेकॉर्डिंग मी मोबाइलमध्ये तारीख टाकून ठेवलं आहे. काम झाल्यानंतरचंही ठेवलं. पुढे कधी शंका आली तर आठवणीवर विसंबायला नको, शेजारी शेजारी वाजवून ऐकता येईल. पुढचं ऑइल दसऱ्यानंतर, जिनिंगला कापूस लागायच्या आधी बदलायचं ठरलं आहे, आणि फिल्टर फेकायचा नाही असं मी सेठच्या मुलाला बजावून ठेवलं आहे.